नकाशावर नसलेल्या राज्यांचे फुटबॉल

अमुक मुलूख कोणाचा, असा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या जाणत्या गृहस्थास सन १९४० च्या सुमारास कोणी विचारला असता, तर त्यास त्याचे उत्तर एका शब्दात देता आले नसते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १९०२ मध्ये सालीना २५ लक्ष रुपयांच्या खंडाने ते कायमच्या पट्ट्याने देण्यात आले. पुढल्याच वर्षी त्याचा कारभार मध्यप्रांतास जोडण्यात आला. आणि इतके सगळे होऊनही कागदोपत्री धनी निजामच राहिला. १९३६ च्या करारात हे धनीपण पुनः मान्य करून निजामाच्या युवराजास वऱ्हाडचे राजपुत्र असा किताबही देण्यात आला. किताब वऱ्हाडचा, राहणे हैदराबादेस, आणि हुकूम नागपूरचा, अशी ही त्रिस्थळी होती. देऊळगावराजाहून जालन्यास निघालेला गाडीवान सरहद्द ओलांडून निजामाच्या मुलखातून निजामाच्याच मुलखात जाई. फरक इतकाच की अलीकडे कंबरेच्या कशात इंग्रजी रुपया असे व पलीकडे हाली शिक्क्याची मोड लागे.

अशा कागदी राज्यांचा इतिहास लिहिताना पंडित लोक सनदा, तह व नाणी तपासतात, आणि ते योग्यच आहे. परंतु राज्य खरोखर लोकांच्या मनात होते की नव्हते, हे पाहावयाचे असेल तर खेळाच्या मैदानाकडेही एकवार दृष्टी टाकावी असे आम्हांस वाटते. तह दोघांच्या सहीने होतो. फुटबॉलची लीग तशी होत नाही. तिला आठदहा संघ लागतात, मैदान लागते, शिव्या सोसणारा पंच लागतो, आणि हार झाली तरी पुढच्या रविवारी पुनः येणारे काही हजार लोक लागतात. एवढे जेथे जमले तेथे काहीतरी खरे होते, मग त्या मुलखाचे नाव नकाशावर असो वा नसो.

युरोपातले एक उदाहरण प्रथम देतो, म्हणजे आमच्या म्हणण्यातील मेख वाचकांच्या ध्यानात येईल. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या पश्चिम कडेचा सार हा कोळशाचा प्रांत फ्रान्सच्या छायेखाली निराळा काढण्यात आला. १९५० साली तो जागतिक फुटबॉल संघटनेचा स्वतंत्र सभासदही झाला, आणि १९५४ च्या विश्वचषकाच्या पात्रता-सामन्यांत दैवाने त्याची गाठ घातली ती पश्चिम जर्मनीशीच! सारचा संघ दोन्ही सामने हरला. त्या संघाचा शिक्षक हेल्मुट शोन हा होता. त्यानेच पुढे १९७४ मध्ये पश्चिम जर्मनीस विश्वचषक मिळवून दिला. १९५५ च्या मतदानात सारच्या लोकांनी वेगळेपणाची योजना झिडकारली व १९५७ च्या आरंभी तो देश पुनः प्रांत झाला. वेगळेपण वरून लादलेले होते. चेंडूला ते पेलले नाही.

आता आपल्याकडे वळू. वऱ्हाडास स्वतःची अशी फुटबॉलची लीग कधी लाभली नाही, आणि याचे आश्चर्य करण्याचे कारण नाही. या प्रांताचे अंग मुळात मातीत लोळणारे. नागपंचमीची कुस्ती, जत्रेची दंगल, हुतुतू आणि खो-खो हेच येथील खरे खेळ. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, ज्याची स्थापना १९१४ सालची, १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी हुतुतू आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. ज्या वर्षी दिल्ली व हैदराबाद यांच्या दरम्यान वऱ्हाडच्या धनीपणाचा कागद रंगत होता, त्याच वर्षी वऱ्हाडची मुले बर्लिनमध्ये दम धरून उभी होती, हा योग आम्हांस मौजेचा वाटतो. पुढे क्रिकेटने मात्र एक चमत्कार केला. राज्य म्हणून विदर्भ अद्याप झालेला नाही, परंतु रणजी करंडकाच्या स्पर्धेत तो १९५७-५८ पासून स्वतंत्रपणे खेळतो आहे. २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ अशा तीन वेळा त्याने तो करंडक जिंकलाही. फुटबॉलच्या दप्तरी विदर्भ नाही. तेथे बुलढाणा आणि मुंबई एकाच महाराष्ट्राच्या खात्यावर मांडलेली आहेत. म्हणजे एकच माणूस एका खेळात एका राज्याचा, तर दुसऱ्या खेळात दुसऱ्या राज्याचा!

आमच्या त्या कागदी धन्याकडे, म्हणजे हैदराबादकडे, फुटबॉल होता आणि तो अव्वल दर्जाचा होता. निजामाचे राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपले, हे सर्वश्रुत आहे. ज्या घटनेने ते संपले तिला लोक पोलीस कारवाई म्हणतात. आणि त्या राज्याचे नाव त्यानंतर दहाबारा वर्षे सर्व हिंदुस्थानात गाजविले ते हैदराबादच्या पोलिसांच्याच फुटबॉल संघाने. इतिहासास विनोदाचे अंग असते ते असे. मुंबईचा रोव्हर्स चषक ही १८९१ पासूनची जुनी स्पर्धा; गोऱ्या पलटणींनी ती वर्षानुवर्षे आपल्या घरची करून ठेवली होती. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक हैदराबाद सिटी पोलीस या संघाने नेला. या संघाचा गुरू सय्यद अब्दुल रहीम हा पेशाने शाळामास्तर. मुलांस शिकविण्याची जी शिस्त, तीच त्याने मैदानावर आणली. चेंडू पायाशी घोळवून प्रेक्षकांची वाहवा मिळविण्यापेक्षा तो चटकन दुसऱ्याकडे द्यावा, दोन्ही पाय सारखे चालावेत, आणि प्रत्येकाने आपली जागा ओळखावी, या साध्या गोष्टींवर त्याचा भर असे. हिंदुस्थानच्या राष्ट्रीय संघाने १९५१ व १९६२ या दोन आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले ते त्याच्याच हाताखाली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्रास मिळाले, कानडी जिल्हे म्हैसुरास, आणि मराठवाडा मुंबई राज्यास. त्याच दिवशी विदर्भही मुंबई राज्यात आला, आणि आमच्या गाडीवानाची सरहद्द पुसली गेली. त्यानंतर बरोबर एका महिन्याने मेलबर्न येथे ऑलिंपिकचे सामने खेळणाऱ्या भारतीय संघात हैदराबादचे अनेक खेळाडू होते. इतकेच नव्हे, तर १९५७-५८ ची संतोष चषकाची राज्याराज्यांमधील स्पर्धा जिंकली तीही हैदराबाद या नावाच्या संघाने, आणि हरविले ते मुंबईला. राज्य नाहीसे झाल्याची वार्ता फुटबॉलच्या कारकुनास पोहोचली नव्हती असे नव्हे; पण जिंकणाऱ्या संघाचे नाव खोडण्याची घाई कोणास नव्हती.

तथापि या वैभवाचा पाया अरुंद होता, हे सांगितले पाहिजे. एक शहर, एक खाते, एक मास्तर. जून १९६३ मध्ये रहीम वारला, आणि त्यानंतर हैदराबादचे फुटबॉल उतरणीस लागले ते पुनः त्या उंचीवर चढले नाही.

गोव्याची गोष्ट याहून निराळी, आणि आमच्या विषयाचा खरा गाभा तेथेच आहे. गोव्यात फुटबॉल आला तो राज्यकर्त्या पोर्तुगीजांच्या हातून नव्हे, ही पहिली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट. १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या इंग्रजी बोलणाऱ्या धर्मगुरूने तो शाळेतील मुलांस शिकविला. शाळेतून तो चर्चच्या आवारात गेला, आवारातून शेतात. भाताची कापणी झाली की खाजणे व मळे मोकळे पडतात. पुढे पाऊस येईपर्यंत त्या जमिनीस दुसरे काम नसते. गावोगावच्या पोरांनी ती फुटबॉलला दिली. गावच्या फेस्ताला जसा बँड तसा फुटबॉलचा सामना, असा प्रघात पडत गेला. ज्या खेळाला वेगळे मैदान विकत घ्यावे लागत नाही व ज्याचा हंगाम शेतीच्या हंगामाशी जुळतो, तो खेळ खेड्यात मुरतो. सरकारी अनुदानाची त्याला गरज पडत नाही.

पोर्तुगीज सरकारला या खेळाचा उपयोग कळला तो उशिरा, आणि भलत्याच कारणाने. हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर लिस्बनच्या धन्यांस वसाहत हा शब्द अडचणीचा वाटू लागला. १९५१ साली त्यांनी आपली राज्यघटना दुरुस्त करून वसाहतींचे सागरपार प्रांत असे नामकरण केले. म्हणजे गोवा ही हिंदुस्थानातील वसाहत नसून हिंदी महासागराच्या काठी पडलेला पोर्तुगालचाच एक प्रांत ठरला. गोव्याच्या आजच्या वरच्या लीगची वंशावळ ज्या पहिल्या श्रेणीच्या लीगपर्यंत नेली जाते ती याच १९५१ सालची. वास्को द गामा या नावाचा क्लब त्याच वर्षी स्थापन झाला. साळगावकरांचा संघ १९५६ चा. आणि गोव्याची फुटबॉल संघटना पोर्तुगीज नावानिशी स्थापन झाली ती १९५९ मध्ये. जो देश केवळ घटनेच्या एका कलमात होता त्याला अशी हाडामांसाची लीग मिळाली.

पण ती त्या देशाची होती काय? या प्रश्नाचे उत्तर एका खेळाडूच्या चरित्रात सापडते. नेव्हिल डिसोझा याचा जन्म १९३२ साली गोव्यातील आसगावचा, म्हणजे पोर्तुगीज अंमलातला. गोव्यातील हजारो कुटुंबांप्रमाणे पोटासाठी व शिक्षणासाठी मुंबईकडे पाहणाऱ्यांच्या पिढीतला तो. मुंबईत या लोकांच्या कुडी असत. एकेका गावाची एकेक कूड, तेथे झोपण्यास जागा व संध्याकाळी गावच्या गप्पा. नेव्हिल मुंबईस टाटांच्या संघातून खेळू लागला. १९५५ च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रह्यांवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर भारत सरकारने नाकेबंदी कडक केली, आणि मुंबईतल्या गोवेकरास आपल्या आईच्या आजारपणाला जाणेही दुर्घट झाले. अशा समयी, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने ४-२ असा विजय मिळविला, त्यातील तीन गोल नेव्हिलचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. लिस्बनच्या दप्तरी आसगाव हे पोर्तुगालातील एक गाव होते. आसगावच्या मुलाने गोल केले ते भारतासाठी. उपांत्य सामन्यातही युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा एकमेव गोल त्यानेच केला. तो सामना भारत १-४ असा हरला व शेवटी चौथा आला. भारतीय फुटबॉल ऑलिंपिकमध्ये त्याहून वर कधी गेला नाही. सहा वर्षांनी जाकार्ताचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या रहीमच्या संघात कोलवाळचा फोर्तुनातो फ्रँको होता. पण तोवर १९ डिसेंबर १९६१ चा दिवस उजाडून गेलेला होता.

त्या दिवशी साडेचारशे वर्षांचे राज्य गेले. चर्चपुढची मैदाने होती तेथेच राहिली. कारभाराची भाषा पालटली, क्लबांच्या नावांतील पोर्तुगीज शब्द काही ठिकाणी गळाले, काही ठिकाणी तसेच चिकटून राहिले. लीगला मात्र नवा आश्रयदाता मिळाला होता, तो म्हणजे खाणमालक. पन्नासच्या दशकात गोव्याचे लोहखनिज जपानकडे जाऊ लागले, आणि त्यातून उभी राहिलेली साळगावकर, धेंपे यांसारखी घराणी फुटबॉलच्या पाठीशी उभी राहिली. ही घराणी सारस्वत हिंदूंची, आणि खेळ रुजला तो चर्चच्या आवारात. मैदानावर या दोहोंची जी सरमिसळ झाली तिने गोव्याचे जितके हित केले तितके पुष्कळ सभांतील भाषणांनी केले नसेल. खेळाडूस क्लबात जागा म्हणजे कंपनीत नोकरी, असा तो व्यवहार होता. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः खेळांचे शौकीन. त्यांच्या नावाचा सुवर्णचषक गोव्यात पुढे फार गाजला.

येथे मराठी वाचकास थोडी खुपणारी एक गोष्ट सांगणे भाग आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्याच्या विरुद्ध मत दिले. अंतर ३४,०२१ मतांचे. बांदोडकरांचा पक्ष विलीनीकरणाचा होता, आणि आमच्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांस तो निकाल लागला हे खरे. परंतु फुटबॉलच्या दृष्टीने पाहता, विलीनीकरण झाले असते तर गोव्याचा संघ म्हणून काही उरले असते की नाही याची शंकाच आहे. १९८३ मध्ये कलकत्त्यास गोव्याने बंगालच्या बरोबरीने संतोष चषक वाटून घेतला, आणि १९८४ मध्ये मद्रासेस पंजाबला हरवून तो एकट्याने जिंकला. गोलाच्या तोंडाशी ताळगावचा ब्रह्मानंद संखवाळकर भिंतीसारखा उभा होता. तोच त्या संघाचा कप्तान. गोवा तेव्हा राज्यही नव्हते. दमण व दीव यांच्यासह तो केंद्राचा एक प्रदेश होता. घटक राज्याचा दर्जा त्यास मिळाला तो ३० मे १९८७ रोजी. तेव्हा फुटबॉलने गोव्यास राज्य म्हणून तीन वर्षे आधीच ओळखले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे देशव्यापी लीग निघाली तेव्हा या लहानशा प्रदेशाने मोठमोठ्यांस मागे टाकले. साळगावकर १९९८-९९ मध्ये विजेता. धेंपे यांचा संघ २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा. चर्चिल ब्रदर्स दोन वेळा. बुलढाणा जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी क्षेत्रफळाच्या गोव्याने सव्वाशे कोटींच्या देशाची लीग इतक्या वेळा न्यावी, याला तोड नाही. मात्र ज्या खाणींवर हे वैभव उभे होते त्या २०१२ मध्ये प्रथम सरकारच्या व नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद पडल्या. आणि २०१६ साली देशाच्या फुटबॉलची नवी रचना जाहीर झाली तेव्हा, आपल्याला खालच्या पायरीवर बसविले जात आहे असे पाहून साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपे हे तिन्ही क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. धेंपे यांचा संघ पुढे खालच्या श्रेणीपासून खेळत खेळत २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परत आला, ही समाधानाची बाब.

ती नवी रचना म्हणजे २०१४ मध्ये सुरू झालेली इंडियन सुपर लीग. तिच्याविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. या लीगने दिवे आणले, गवत सुधारले, परदेशचे नावाजलेले खेळाडू आणले, आणि खेळाडूंस पूर्वी स्वप्नातही नव्हते असे पैसे दिले. हे सर्व मान्य. पण आरंभी तिच्यात प्रवेश मिळे तो खेळून नव्हे, पैसे भरून. तळाशी राहिलेला संघ खाली जात नसे आणि खालचा कितीही जिंकला तरी वर येत नसे. खालून जिंकून वर येण्याचा मार्ग उघडला तो २०२३ मध्ये. मधल्या काळात काय होत होते याचे उदाहरण आपल्या पुण्याचेच आहे. पुण्याचा संघ २०१४ पासून बालेवाडीस खेळला. २०१९ मध्ये तो बंद होऊन त्याच्या जागी हैदराबादचा संघ काढण्यात आला. या नव्या हैदराबादने मार्च २०२२ मध्ये लीग जिंकली, आणि तो अंतिम सामना झाला गोव्यात, मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर. रहीमच्या शहरास पुनः चांगले दिवस आले असे वाटते न वाटते तोच २०२५ मध्ये हा संघ उचलून दिल्लीस नेण्यात आला. पुणे, हैदराबाद, दिल्ली! वऱ्हाडचा पट्टा करताना निदान जमीन जागच्या जागी राहिली होती. त्याच वर्षीच्या जुलैत, लीग चालविणाऱ्या कंपनीचा महासंघाशी असलेला १५ वर्षांचा करार संपत आल्याने, पुढचा हंगामच स्थगित करण्यात आला.

कोल्हापूरचे उदाहरण आम्ही मुद्दाम शेवटास ठेवले आहे. कोल्हापूर हे संस्थान होते, त्यास स्वतःचा राजा व स्वतःचे कायदे होते, आणि १९४० साली तेथे राजघराण्याच्या पुढाकाराने कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था निघाली. नऊ वर्षांनी, १ मार्च १९४९ रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थेची लीग चालू राहिली. आज ती शाहू छत्रपतींच्या नावाने खेळली जाते. याचे कारण संघांच्या नावांतच आहे: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ. शाहूमहाराजांनी ज्या कुस्तीसाठी १९१२ मध्ये खासबागेचे मैदान बांधले, तिच्याच आखाड्यांनी हा परका खेळ आपल्या घरात घेतला. तालीम ही पेठेची. पोरगा जन्मतो त्या पेठेत, आणि त्याचा संघ तेव्हाच ठरतो. त्याला कोणी विकत घेऊन दुसऱ्या गावी नेईल ही कल्पनाच तेथे कोणास सुचणार नाही. या निष्ठेची दुसरी बाजूही आहे. प्रेक्षकांत मारामाऱ्या होतात, दगड उडतात, आणि पोलिसांस मध्ये पडावे लागते. कोल्हापूरच्या अभिमान्यांनी यावर पांघरूण घालू नये.

शिवाय पेठेच्या पलीकडे पाहण्याची सवय या लीगला फारशी लागली नाही. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव देशाकडून खेळला, तेव्हा साऱ्या शहराने त्याचे कौतुक केले, आणि ते रास्तच होते. परंतु त्याच्यासारख्या मुलास देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळावयाचे तर दुसऱ्या गावाच्या संघात जावे लागते. कोल्हापूरचा संघ तेथे नाही, सोलापूरचा नाही, नागपूरचा नाही. महाराष्ट्राच्या नावावर आहे तो एकट्या मुंबईचा.